दोन इस्त्र्या

पोस्टमास्तर बोलायला उभे राहिले तोवर ती खुर्चीच्या पाठीला टेकली होती, आणि ही शोकसभा आपल्याला फारसा धक्का न लावता पार पडेल असं तिला वाटायला लागलं होतं. वाचनालयाची लांबट खोली, पुस्तकांच्या कपाटांना नुकत्याच दिलेल्या रंगाचा वास, एका पंख्याची कुरकुर. पुढच्या टेबलावर वडिलांचा फोटो होता. ओळखपत्रासाठी काढलेला फोटो कोणीतरी मोठा करून आणला होता, त्यामुळे कानांच्या कडा पाण्यात विरघळल्यासारख्या दिसत होत्या. आधी दोघेजण बोलून गेले होते. दोघांनीही वडिलांना मनमिळाऊ म्हटलं होतं, सचोटीचे म्हटलं होतं, आणि त्या शब्दांमध्ये तिला वडील कुठेच दिसले नव्हते. त्याचंच तिला बरं वाटलं होतं. मग पोस्टमास्तर उठले. नोकरी संपल्यापासून रोज संध्याकाळी वडिलांच्या दुकानातल्या बाकावर बसणारे हे गृहस्थ; गल्लीत अजूनही पोस्टमास्तरच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, मला काही भाषण येत नाही, एक गोष्ट सांगतो, तो असता तर त्यानेच सांगितली असती. आणि त्यांनी इस्त्रीची गोष्ट सांगितली. वडिलांनी नवी इस्त्री घेतली, ती तापेना. परत करायला म्हणून तरातरा दुकानात गेले. दुकानदाराने बसायला खुर्ची दिली, गार पाणी दिलं, घरची चौकशी केली, आणि मग विचारलं, इस्त्री कशी चाललीय? आता एवढ्या भल्या माणसाला बिघडलीय म्हणून कसं सांगायचं? वडील म्हणाले, छान आहे, म्हणून तर आणखी एक न्यायला आलो. सगळी खोली हसली. पोस्टमास्तरांनी हसणं ओसरू दिलं आणि सावकाश शेवटचं वाक्य टाकलं. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी त्याच्या स्वतःच्या दुकानात जाऊन बघावं; ती बिघडलेली इस्त्री अजून वरच्या फळीवर आहे, प्लास्टरच्या डब्याशेजारी.

तीही हसली. म्हणजे चेहऱ्याने हसली. सभेत पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाचा चेहरा स्वतःचा नसतो. पण ती गोष्ट वडिलांची नव्हतीच. ती तिने लिहिलेली होती. आणि इस्त्री तिची होती.

रविवारच्या पुरवणीत आतल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, एक सदर येत असे. नाव होतं ‘मी कोण सांगणारा’, आणि खाली लेखकाच्या नावाच्या जागी नुसतं ‘एक सामान्य’. ती ज्या कचेरीत घरपट्टीची आकारणी बघत होती, तिथे वर्तमानपत्रात लिहायचं तर परवानगी लागे. परवानगी मागायची म्हणजे साहेबांनी वाचणं आलं, आणि साहेबांनी वाचणं म्हणजे साहेबांना त्यात स्वतःचं नाक सापडणं आलं. म्हणून नाव नव्हतं. संपादक सोडले तर ‘एक सामान्य’ कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. सदरातला ‘मी’ हा पुरुष होता, उतारवयाचा, बेताच्या मिळकतीचा, सगळ्यांना हो म्हणणारा. पुरुष का, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. बाईने तक्रार केली की लोकांना वाटतं घरात काही बिनसलंय, पुरुषाने केली की विनोद होतो, असं संपादक म्हणाले होते, आणि याचा राग यायच्या ऐवजी तिला ते वाक्य आवडलं होतं. वाचक त्याला सामान्यराव म्हणायला लागले. पत्रं यायची, सामान्यराव, आमच्याकडच्या लिफ्टबद्दल लिहा, सामान्यराव, तुम्ही आमच्याच मजल्यावर राहता की काय. ती ती पत्रं वाचायची तेव्हा तिला एक सूक्ष्म, गोड अशी उंची जाणवायची. आपण सामान्य नसल्याशिवाय इतकं हुबेहूब सामान्य होता येत नाही, असं तिला आतून वाटत असे. हे तिने कधी कोणाला म्हणून दाखवलं नव्हतं. पण वाटत असे.

सुरुवातीचे सामान्यराव मात्र निर्जीव होते. बोलायचे भारी, पण कागदासारखे. त्यांच्यात जीव कसा आला हे तिला पक्कं ठाऊक होतं. वडील कवळ्या करत. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवायचे, वडील त्यावर मेणात दात बसवायचे, डॉक्टरकडे माणसाच्या तोंडात ते मेण घालून बघितलं जायचं, मग परत दुकानात येऊन पक्की कवळी व्हायची. गल्लीतले लोक डॉक्टरला वगळून थेट दुकानातच यायचे, हे चुकीचं होतं, आणि वडील दर वेळी हे चुकीचं आहे असं सांगून मगच काम घ्यायचे. शाळेतून आली की ती बाकावर बसून बघायची. स्पिरिटचा दिवा, त्यावर तापवलेली बारीक सुरी, गुलाबी मेण, आणि कागदावर ओळीने मांडलेले दात. सगळे दात सरळ रांगेत बसवून झाले की वडील एक दात निवडायचे, बहुतेक वेळा सुळ्याच्या शेजारचा, आणि त्याला सुरीच्या टोकाने किंचित वळवायचे. तिने एकदा विचारलं होतं, कशाला बिघडवता? तेव्हा ते म्हणाले होते, अगं, सगळे सरळ ठेवले तर माणूस आत्ताच खोक्यातून काढल्यासारखा दिसतो. लिहायला लागल्यावर तिने नेमकं हेच केलं. सामान्यरावांना एकेक दात वाकडा दिला. आणि वाकडे दात आणायचे कुठून? घरात होतेच की. वाक्य सुरू करण्याआधी ‘नाही म्हणजे, तसं काही नाही’ म्हणायची वडिलांची सवय. दुकानदाराने सुटे पैसे नाहीत म्हटलं की आपणच ओशाळायची सवय. रिक्षावाला चुकीच्या रस्त्याने नेत असला तरी त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसून, उतरल्यावर उलटं चालत येण्याची सवय. तिने हे सगळं उचललं आणि सामान्यराव चालायला, खोकायला, घाम पुसायला लागले.

इस्त्री मात्र वडिलांची नव्हती. इस्त्री परत करायला ती स्वतः गेली होती. सत्ता आणि शरणागती यांवरची जाडजाड पुस्तकं वाचलेली, साहेबांच्या मसुद्यातल्या चुका मनातल्या मनात लाल करणारी ती, त्या दुकानदाराच्या गार पाण्यापुढे गारद झाली होती. बिघडलीय हे एवढं एक वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. दुसरा खोका काखेत धरून घरी येताना तिला इतकी लाज वाटली होती की जिन्यात शेजारीण भेटली तेव्हा तिने खोका पदरामागे घेतला. मग आठवडाभर ती लाज अंगात काट्यासारखी सलत राहिली, आणि रविवार जवळ आल्यावर तिने ती सामान्यरावांच्या खिशात टाकली. वडिलांचं ‘नाही म्हणजे, तसं काही नाही’ त्यात घातलं, वडिलांचा घाम घातला, आणि गोष्ट अशी काही बसली की संपादकांनी स्वतः फोन केला. त्या क्षणी काटा निघाला होता. कोणाच्या पायात गेला हे बघायची गरज तिला वाटली नव्हती.

आता तिला आठवत होतं ते त्यानंतरचं. पुढच्याच आठवड्यात वडील तिच्या घरी आले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि निघताना चपला घालता घालता, तिच्याकडे न बघता म्हणाले होते, “ती दुसरी इस्त्री दे इकडे. बघतो काय झालंय तिला.” तिने कपाटातून ती बिघडलेली काढून दिली. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि काखेत मारून नेली. दुसरी इस्त्री आहे हे तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. कपाट उघडं असताना दिसली असेल, असं तिने तेव्हा धरून चाललं, किंवा तेवढाही विचार केला नाही. इस्त्री परत आली नाही. तीही विसरली. आणि आज कळत होतं की त्यांनी ती दुकानात नेऊन वरच्या फळीवर ठेवली होती, बाकावरच्या मंडळींना हात करून दाखवली होती, ही बघा, हा वेंधळेपणा माझा. म्हणजे त्यांना माहीत होतं. सदर कोणाचं आहे हे माहीत होतं, इस्त्रीची फजिती कोणाची हेही माहीत होतं, आणि ती त्यांनी, आजारी मुलाच्या हातातलं दप्तर घ्यावं तशी, काही न बोलता स्वतःकडे घेतली होती.

पोस्टमास्तर थांबायला तयार नव्हते. हसणाऱ्या खोलीने त्यांना चेव आणला होता. तो रिक्षातून उतरून उलटा चालत येई, ही गोष्ट त्यांनी सांगितली. ही वडिलांची होती. वाढदिवसाला बोलावलं नसताना चुकीच्या घरात जाऊन जेवून आला, ही तिने रचलेली होती, एका वाक्यावरून, एका दुपारी. छत्री विसरलेल्या माणसाच्या मागे धावताना स्वतःची छत्री विसरून आला, ही कोणाची होती? तिला सांगता येईना. ती डोकं खाजवत राहिली. हे तिने पाहिलं होतं की लिहिलं होतं? लिहिताना तिला वडिलांची ओली बाही दिसली होती हे नक्की आठवत होतं, पण ती बाही खरी ओली झाली होती का? तिला घाबरायला झालं. वडील जाऊन अजून महिनाही झाला नव्हता, आणि लोकांच्याच नव्हे, तिच्याही डोक्यात त्यांच्या जागी सामान्यराव येऊन ऐसपैस बसले होते. आज इथे जे बोललं जाईल तेच वडील म्हणून उरणार होतं. ही माणसं घरी जातील, जेवताना सुनांना, नातवंडांना इस्त्रीची गोष्ट सांगतील, आणि ती सांगितली जाईल तसतसा फोटोतल्या माणसाचा आणखी एक कान विरघळेल. पोस्टमास्तरांनंतर तिला बोलायचं होतं. तिने तीन-चार सुरक्षित वाक्यं तयार करून आणली होती. वडील कष्टाळू होते. त्यांनी कोणाला दुखावलं नाही. सर्वांची आभारी आहे.

शेवटच्या रांगेतून कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटून तिने मान वळवली. संपादक. ते येतील असं तिला वाटलं नव्हतं. दारातच भेटले होते, हात जोडून म्हणाले होते की मजकुराची मुळीच घाई नाही, सावकाश, गुरुवारपर्यंत आला तरी चालेल. आता ते भुवया उंचावून, ओठ दाबून तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत शुद्ध आनंद होता. अच्छा, म्हणजे हे होते तर सामान्यराव! जादूगाराच्या पेटीचा तळ दिसलेल्या मुलासारखे ते खूष झाले होते. तिने मान पुन्हा पुढे केली. तिला वाटलं, ते चुकताहेत हे आत्ता उठून सांगावं. मग वाटलं, ते चुकताहेत तरी कुठे?

कारण इस्त्रीपाशी हे थांबत नव्हतं. वडिलांना इस्त्रीच्या वेळी माहीत होतं, तर त्याच्या आधीही असणार. आणि त्याच्या आधी फोन होता. त्या फोनकडे तिचं मन सकाळपासून जात नव्हतं, जाऊ देत नव्हती ती. पण आता वाटच दुसरी उरली नव्हती.

वडील कोणाही मोठ्या माणसाचा फोन आला की उभे राहत. बसलेले असले तर खुर्चीतून उठत, आणि रिसीव्हर एका हातात धरून दुसऱ्या हाताने शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावत. पलीकडच्याला दिसतंय का काही, असं ती लहानपणापासून चिडवत आली होती. सदर नवं असताना, वाकड्या दातांचा शोध लागल्या लागल्या, तिने हेच आधी वापरलं. सामान्यरावांना वीज कंपनीच्या साहेबांचा फोन येतो, बिल चुकून दुसऱ्याचं आलंय हे त्यांना सांगायचं असतं, पण ते उठून उभे राहतात, बटण लावतात, केस सारखे करतात, आणि शेवटी साहेबांची माफी मागून दुसऱ्याचं बिल भरून टाकतात. लोक खो खो हसले होते. पुढे लोक एकमेकांना म्हणायचे, अरे बटण लाव, साहेबांचा फोन आहे. तो रविवार तिला स्वच्छ आठवत होता, कारण दुपारी ती वडिलांकडे होती. वडिलांच्या मांडीवर पुरवणी होती. त्यांनी वाचली होती. वाचून नीट घडी घालून बाजूला ठेवली होती. संध्याकाळी फोन वाजला. एका डॉक्टरांचा, कुठल्याशा ठशासंबंधी. वडील उठायला म्हणून अर्धवट पुढे झाले, आणि थांबले. मागे सरून बसले. डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरला, इतका घट्ट की बोटांची पेरं पांढरी झाली, आणि तसेच, बसून, बोलले. हो डॉक्टर, उद्या देतो डॉक्टर. कपाळावर घाम होता. फोन ठेवल्यावरही त्यांनी खुर्चीचा हात लगेच सोडला नाही. तिने ते पाहिलं होतं. समोर बसून, कपात बिस्कीट बुडवता बुडवता पाहिलं होतं, आणि तिला कळलं होतं. अगदी त्या क्षणी, शब्द जुळायच्या आधीच्या त्या झगझगीत क्षणी कळलं होतं. मग तिने स्वतःला सांगितलं की गुडघे दुखत असतील.

त्यानंतर ते कधीच फोनवर उभे राहिले नाहीत. दर वेळी खुर्चीचा हात. सुरुवातीला झगडून, मग सरावाने. आणि तिने काय केलं? काही महिन्यांनी एका रविवारी विषय सुचेना, तेव्हा तिने लिहिलं की सामान्यराव हल्ली फोनवर बसून बोलायची तालीम करतात, बायको पलीकडच्या खोलीतून साहेब बनते, आणि सामान्यराव खुर्चीला धरून ठेवतात की खुर्ची त्यांना, हे सांगणं कठीण असतं. हे वाक्य तिला फार आवडलं होतं. तिने ते दोनदा मोठ्याने वाचून बघितलं होतं. ते वाक्य वडिलांनीही वाचलं असणार. दुकानात, बाकावरच्या मंडळींसमोर, मोठ्याने, कारण ते सदर मोठ्याने वाचत असत. ते वाक्य आलं तेव्हा त्यांचा आवाज कसा झाला असेल, हे तिने आता पहिल्यांदा ऐकायचा प्रयत्न केला आणि तिला ऐकू येईना. बहुधा त्याच सुमाराला ते बाकावर सांगायला लागले असावेत की हा सामान्य म्हणजे मीच आहे. पोस्टमास्तरांनी दारात तिला सांगितलं होतं, तुझे बाबा दर सोमवारी म्हणायचे, बघा, या आठवड्यातही हा माझ्यावरच घसरलाय. आम्ही विचारायचो, अरे पण हा आहे कोण? तर म्हणायचे, असेल कोणी माझ्यावर नजर ठेवून. ठेवू दे. माझ्यावर नजर ठेवायला दुसरं आहे कोण. तेव्हा तिला हे नुसतं गमतीचं वाटलं होतं, म्हातारपणाचा एक चाळा. आता ती त्या शेवटच्या वाक्याभोवती फिरत होती आणि त्याला हात लावायचं धाडस होत नव्हतं.

आणि तो मूळ फोन, ज्यावरून तिने उभं राहणं उचललं होतं, त्यात गंमत काय होती? ती तेव्हा कॉलेजात होती. वीज कंपनीचा साहेब नव्हताच तिथे कोणी. आई तीन दिवस रुग्णालयाच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर होती, आत खाट रिकामी नव्हती, आणि वडिलांनी कोणाकोणाच्या ओळखीने मोठ्या डॉक्टरांपर्यंत निरोप पोचवला होता. दुपारी त्यांचा फोन आला. वडील उभे राहिले. बटण लावलं. नाही म्हणजे, तसं काही नाही, डॉक्टरसाहेब, फक्त एक खाट. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिला वडिलांची लाज वाटली होती. इतकं वाकायचं कशाला, आपला हक्क आहे, असं काहीतरी ती तेव्हा नुकतंच वाचत होती. लाज वाटली, हे ती इतकी वर्षं विसरून गेली होती. लिहिताना तिने रुग्णालय काढून वीज कंपनी घातली, कारण रुग्णालयाने हसू थांबतं. कारागिरीचा निर्णय होता तो. एवढाच.

पोस्टमास्तर खाली बसले. टाळ्या झाल्या, मग शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे लक्षात येऊन त्या मध्येच विरल्या. तिचं नाव न घेता, आता मुलगी दोन शब्द बोलेल, असं कोणीतरी म्हणालं. ती उठली आणि टेबलापाशी जाऊन वळली. खोली भरलेली होती. बहुतेक सगळे म्हातारे, आणि अजून सगळ्यांच्या ओठांवर इस्त्रीचं हसू रेंगाळत होतं, आणि त्या हसण्यात दात दिसत होते. तिला एकदम कळलं की यातले निम्मे दात वडिलांनी बसवलेले आहेत. पोस्टमास्तरांचे. त्यांच्या शेजारच्या घड्याळजींचे. प्रत्येकाचा कुठला दात मुद्दाम वळवलेला आहे तेही तिला दुरून दिसत होतं. पहिल्या रांगेच्या टोकाला शिवणबाई बसल्या होत्या. गल्लीतल्या दोन पिढ्यांना शिवण शिकवलेल्या, आता गालफडं बसलेल्या. त्यांची कवळी मेणापर्यंत आली होती आणि तिथेच राहिली होती. ते मेण अजून दुकानात ओल्या फडक्याखाली होतं, आणि कोणाकडे द्यायचं हे तिने ठरवलं नव्हतं. शिवणबाई तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या.

“बाबा कष्टाळू होते,” ती म्हणाली. खोलीने मान डोलावली. पुढचं वाक्य तयार होतं. कोणाला दुखावलं नाही. ते तिच्या जिभेवर आलं, आणि त्यातला कर्ता बदलून तिच्याकडेच बघायला लागला. ती थांबली. लोकांना वाटलं गहिवरली. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही.

“बाबा फोनवर उभं राहून बोलायचे,” ती म्हणाली. “गळ्याचं बटण लावून.”

आणि खोली हसली. ओळखीचं, मायेचं, मनमोकळं हसू, जुन्या मित्राने दारात पाऊल ठेवताच होतं तसं. घड्याळजींनी नकळत स्वतःचं बटण चाचपलं आणि त्यावरून आणखी हसू उसळलं. रांगांमधून पोस्टमास्तरांचा आवाज आला, “वीज कंपनीचा साहेब!” आणि संपादक मागे मान टाकून हसत होते. तिने हे हसू किती वेळा मनाशी ऐकलं होतं, जेवणाच्या टेबलावर, दुपारी, पेन टेकवून. ते असंच असतं, इतकं प्रेमळ असतं, हे तिला माहीत नव्हतं. त्यात कोणीच दुष्ट नव्हतं. तोंड वाजवायला ती आणि दात द्यायला वडील, असं मिळून हे हसू तयार झालं होतं, आणि ते फोटोवरून वाहत होतं. तिला आता नुसतं हसून खाली बसता आलं असतं. सगळ्यांना बरं वाटलं असतं. वडिलांनीही तिला तसंच करू दिलं असतं. त्यांनी तर सगळी सोय करून ठेवली होती, इस्त्री फळीवर ठेवण्यापर्यंत.

“नाही,” ती म्हणाली. पण ते हसण्यात बुडालं, पहिल्या रांगेपलीकडे पोचलंच नाही.

हसू ओसरायला लागलं तेव्हा शिवणबाईंनी रुमाल खाली घेतला. त्यांचं तोंड आत गेलेलं होतं आणि शब्द हवेसारखे निघत होते, म्हणून लोकांना ऐकण्यासाठी गप्प व्हावं लागलं.

“मग कोण होतं गं फोनवर?”

असं कोणी कधी विचारलं नव्हतं. इतक्या रविवारांत, इतक्या पत्रांत, पलीकडे कोण होतं हे एकानेही विचारलं नव्हतं, कारण तिने तसं लिहिलंच नव्हतं.

“मोठे डॉक्टर होते,” ती म्हणाली. “आई व्हरांड्यात पडून होती. खाट मिळत नव्हती.”

पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. पोस्टमास्तरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, त्याचं काय करायचं हे त्यांना समजत नव्हतं.

“मिळाली?” शिवणबाईंनी विचारलं.

“संध्याकाळी मिळाली. त्यानंतर आई पुष्कळ वर्षं होती.”

“मग उभं राहायलाच पाहिजे होतं,” शिवणबाई म्हणाल्या. एखादा कपडा कुठे कापायचा हे सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, आणि रुमाल पुन्हा तोंडाला लावला.

ती उभी होती. इथे थांबलं तर चांगलं होईल, बाईंच्या वाक्यावरच थांबावं, असं तिच्या डोक्यात कोणीतरी शांतपणे जुळवायला लागलं होतं, आणि ते कोण हे तिला माहीत होतं, आणि ते गुरुवारपर्यंत गप्प बसणार नव्हतं. तिने फोटोकडे बघितलं. फोटोत शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं. सकाळपासून ते तिच्या नजरेला पडलं नव्हतं. आणखी काहीतरी सांगायला हवं होतं, इस्त्रीचं, खुर्चीचं, तालमीच्या त्या दुसऱ्या लेखाचं. तोंड उघडलं की ते आलं असतं, आणि आलं असतं तर सुबक होऊन आलं असतं, एक दात जरा वळवून. तिने तोंड उघडलं नाही. पण खाली बसायचंही तिला सुचेना. माणसं चुळबुळायला लागली. कोणीतरी खाकरलं.

“बस आता,” शिवणबाई हळू म्हणाल्या.

ती खुर्चीपाशी आली आणि बसली. सभा पुढे सुरू झाली, कोणीतरी आभार मानायला उठलं. बऱ्याच वेळाने शेजारच्या माणसाने तिच्याकडे वाकून, बरं वाटत नाही का, पाणी हवंय का, असं विचारलं, तेव्हा तिला दिसलं की तिने डाव्या हाताने खुर्चीचा हात धरलाय, इतका घट्ट की बोटांची पेरं पांढरी झालीत. तिने तो सोडायचा प्रयत्न केला.